सोसायटी मॅनेजरचं ‘सगळंच काम’ फोन, शीट आणि कॅलेंडर वापरून आटोक्यात कसं आणायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या १२० फ्लॅटच्या सोसायटीत मॅनेजर म्हणून नेमणूक झाली आहे. नेमणूकपत्रात कामाबद्दल एकच ओळ आहे: ‘सोसायटीची दैनंदिन व्यवस्था पाहणे व कमिटी सांगेल ती कामे करणे.’ कमिटीतले दहा-बारा जण आपापल्या परीने कामं सांगतात, रहिवाशांचे फोन रात्री साडेदहापर्यंत येतात आणि महिन्याच्या मीटिंगला ‘महिनाभर केलं काय?’ हा प्रश्न ठरलेला असतो. सोसायटीचं ॲप घ्यायला बजेट नाही. हाताशी फोन, ऑफिसातला कॉम्प्युटर, व्हॉट्सॲप आणि गूगलचं खातं एवढंच आहे.

एवढी साधनं पुरतात. पण पहिल्याच आठवड्यात कमिटीकडे ‘माझी कामं लिहून द्या’ अशी मागणी करू नका. कमिटीतले लोक नोकरी-धंदा सांभाळून बिनपगारी हे काम करतात. मॅनेजरच्या दिवसात काय काय येतं, हे त्यांनाही नेमकं माहीत नसतं. त्यामुळे मागितलंत तर कुठून तरी उतरवलेला दोन पानी कागद मिळेल आणि त्यात तुमच्या इमारतीची गच्ची, तुमची मोटर, तुमच्या टाकीची अडचण यातलं काहीच नसेल. कामाची हद्द आधी नोंदीत दिसावी लागते, ठराव त्यानंतर. पहिले तीस दिवस नोंद ठेवा आणि ती नोंद पुढे ठेवून कमिटीकडून जबाबदाऱ्या मंजूर करून घ्या.

सगळ्यात आधी खातं

नोंदीला हात लावण्यापूर्वी सोसायटीच्या नावाने वेगळं गूगल खातं उघडा. स्वतःच्या जीमेलवर शीट बनवण्याची चूक फार ठिकाणी होते. ड्राइव्हमधली फाइल ज्या खात्यात तयार झाली त्या खात्याच्या मालकीची असते. मॅनेजर नोकरी सोडून गेला आणि त्याने ते खातं बंद केलं किंवा फाइल काढून टाकली, की सोसायटीचा वर्षभराचा हिशेब त्याच्याबरोबर जातो. नवीन खात्याचा रिकव्हरी फोन नंबर सचिवांचा ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि त्यातून मिळणारे दहा बॅकअप कोड कागदावर छापून सोसायटीच्या कपाटात सीलबंद पाकिटात ठेवा. कमिटी बदलली की रिकव्हरी नंबरही बदलायचा. हे काम हस्तांतराच्या यादीत नसतं म्हणून राहून जातं, आणि एके दिवशी ओटीपी माजी सचिवांच्या फोनवर जातो.

व्हॉट्सॲपचंही तसंच. सोसायटीच्या खर्चाने एक स्वतंत्र सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते मोफत आहे. त्यातल्या तीन सोयी तुमच्या रोजच्या कामाच्या आहेत. चॅटला लेबल लावता येतं. नेहमीची उत्तरं साठवून तिरकी रेघ टाइप केली की समोर येतात. कामाच्या वेळा भरून ठेवल्या की वेळेबाहेर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. या आपोआप जाणाऱ्या उत्तरात फक्त ‘आम्ही लवकरच संपर्क करू’ लिहून भागत नाही. त्यात तीन गोष्टी हव्यात: तक्रार कुठे नोंदवायची, रात्री लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर कोणाला फोन करायचा, आणि मॅनेजर पुन्हा किती वाजता हजर असेल. रात्रीच्या फोनांपैकी बरेचसे केवळ काय करायचं हे माहीत नसल्यामुळे येतात.

तीस दिवसांची नोंद

गूगल शीट उघडल्यावर आधी सेटिंग्जमध्ये लोकेल ‘इंडिया’ आणि टाइम झोन भारताचा आहे ना, ते पाहा. लोकेल अमेरिकेचं राहिलं तर ०५/०६ ही तारीख ५ जून न होता ६ मे होते. १३ तारखेपासून पुढच्या तारखा तर तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत, साधा मजकूर म्हणून बसतात. मग ‘किती दिवस झाले’ हे काढणारी सगळी सूत्रं निम्म्या ओळींत चुकतात आणि कारण सापडता सापडत नाही.

रकाने सातच ठेवा: तारीख-वेळ, कोणी सांगितलं, कुठून आलं, कामाचा प्रकार, काय काम, किती मिनिटं गेली, आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा, ‘कोणाचं काम’. या शेवटच्या रकान्यात तीनच पर्याय: ‘माझं’, ‘माझं नाही’, ‘ठरलेलं नाही’. बाकीचे दोन पर्याय तुम्ही रागाने किंवा भिडेने चुकीचे भराल, पण ‘ठरलेलं नाही’ हा प्रामाणिकपणे भरा. महिन्याअखेर कमिटीशी बोलायचा खरा विषय या ओळींमध्ये असतो.

‘कुठून आलं’ आणि ‘कामाचा प्रकार’ हे टाइप करू नका, ड्रॉपडाउन करा. एका दिवशी देवनागरीत ‘लिफ्ट’, दुसऱ्या दिवशी रोमन लिपीत तेच, तिसऱ्या दिवशी ‘लिफ्ट बंद’ असं लिहिलं की पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे शीट स्वतःच करून देते त्या गोषवाऱ्यात, एका विषयाच्या तीन ओळी होतात. फ्लॅट नंबरचंही तेच. ‘बी-७०३’, ‘बी ७०३’ आणि नुसतं ‘७०३’ ही शीटच्या दृष्टीने तीन वेगळी घरं आहेत. १२० फ्लॅटची यादी एका वेगळ्या टॅबमध्ये एकदाच नीट लिहा आणि ड्रॉपडाउन तिथून घ्या.

दिवसभर फिरतीवर असताना टायपिंग होत नाही, हे खरं आहे. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं चालतं. जिन्यातून उतरता उतरता ‘सी विंग, टेरेसचा दरवाजा, कुलूप तुटलं, खजिनदारांनी सांगितलं’ एवढं बोललात तरी नोंद होते. मिनिटांचा आकडा अंदाजे चालेल, पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यात. पण नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत मोठी कामं येतात आणि वेळ खाणारी बारीकसारीक कामं गळतात. कुणाचं कुरिअर ठेवणं, वॉचमनची बदली शोधणं, पार्किंगमधली गाडी हलवायला फोन करणं ही ती कामं. दिवस जातो तो यांतच.

तीस दिवस झाले की पिव्होट टेबल करा: आडवं ‘कोणाचं काम’, उभं ‘कामाचा प्रकार’, बेरीज मिनिटांची. हा एक तक्ता मीटिंगमध्ये तासाभराच्या तक्रारीपेक्षा जास्त बोलतो.

दारं अनेक, वही एक

लोकांनी तक्रार फक्त गूगल फॉर्ममधूनच करावी हा हट्ट धरला तर फॉर्म दोन आठवड्यांत मरतो. सातव्या मजल्यावरच्या आजोबांना फोनच सोयीचा वाटतो, कामवाल्या मावशी गेटवर वॉचमनला सांगून जातात, तरुण मंडळी व्हॉट्सॲप करतात. सगळे मार्ग चालू द्या. मात्र सगळं येऊन पडेल ती वही एकच. फोन आला तर बोलता बोलता तुम्हीच फॉर्म भरायचा. गेटवरच्या रजिस्टरमधल्या ओळी सकाळी ऑफिस उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत शीटमध्ये घ्यायच्या.

गूगल फॉर्ममध्ये चारच प्रश्न ठेवा: फ्लॅट, प्रकार, दोन ओळी वर्णन, घरी कधी असाल. फोटो अपलोडचा प्रश्न घालावासा वाटतो, पण फाइल अपलोड असलेल्या फॉर्मला गूगलमध्ये साइन-इन करावं लागतं आणि तिथे अर्धे लोक परत फिरतात. फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप नंबरवर मागवा. पुरावा म्हणून जपायचा फोटो असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करतं आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहितीही निघून जाते.

फॉर्मचा क्यूआर कोड छापून प्रत्येक लिफ्टमध्ये लावा. कोड क्रोममधूनच तयार होतो, तो थेट फॉर्मच्या लिंकचा असतो. ‘फ्री क्यूआर’ देणाऱ्या काही साइट मधे स्वतःची लिंक घालतात आणि चाचणीची मुदत संपली की कोड बंद पडतो. सहा स्टिकर पुन्हा छापावे लागतात ते वेगळंच.

फॉर्मची उत्तरं ज्या टॅबमध्ये येतात तिथे काम करू नका. फॉर्मचं नवीन उत्तर आलं की शीटमध्ये नवी ओळ घुसवली जाते, आणि शेजारच्या रकान्यात तुम्ही खाली ओढून ठेवलेलं सूत्र त्या ओळीत येत नाही. ॲरेफॉर्म्युला वापरून हे सुटतं. पण सवय नसेल तर सोपा मार्ग असा: उत्तरांचा टॅब कच्चा माल समजा, दिवसातून दोनदा नव्या ओळी ‘काम’ या टॅबमध्ये कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा. कॉपी करताना ती ओळ डोळ्यांखालून जाते आणि कामाचा क्रम आपोआप लागतो. १२० घरांच्या सोसायटीला ही हातची पद्धत झेपते.

‘काम चालू आहे’ हा शब्द काढून टाका

‘काम’ टॅबमध्ये स्टेटसचा रकाना असतो आणि त्यात बहुतेक ओळींवर ‘चालू’ लिहिलेलं असतं. या एका शब्दाखाली सगळं लपतं. प्लंबर आला नाही तरी चालू, कोटेशन कमिटीकडे तीन आठवडे पडलं तरी चालू, घरमालक दार उघडत नाही तरी चालू. मीटिंगला मात्र ‘मॅनेजरकडे २७ कामं बाकी’ असंच वाचलं जातं.

म्हणून स्टेटसऐवजी ‘कोणाकडे थांबलं’ हा रकाना करा. पर्याय: माझ्याकडे, कारागिराकडे, कमिटीकडे, फ्लॅटधारकाकडे, झालं. त्याच्या शेजारी ‘पुढची तारीख’, म्हणजे या कामाकडे मी पुन्हा कधी बघणार ती. ही तारीख रिकामी ठेवायची नाही. कंडिशनल फॉरमॅटिंगने तारीख उलटलेली आणि ‘झालं’ नसलेली ओळ लाल करा. सकाळी फिल्टर लावून फक्त लाल ओळी बघायच्या. फिल्टर मात्र ‘फिल्टर व्ह्यू’ वापरून लावा. साधा फिल्टर लावला तर त्याच वेळी शीट उघडून बसलेल्या खजिनदारांच्याही ओळी गायब होतात आणि ‘नोंदी डिलीट झाल्या’ म्हणून फोन येतो.

‘झालं’ कधी लिहायचं, हेही ठरवून टाका. कारागिराने ‘झालं’ म्हटलं म्हणून काम झालेलं नसतं. फ्लॅटधारकाचा होकार किंवा कामाचा फोटो, दोन्हीपैकी एक आल्यावरच. गळतीच्या कामात तर दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांची पुढची तारीख टाकून पुन्हा बघायचं आणि मगच ओळ बंद करायची.

एक गळती, जवळून

जबाबदारी न ठरलेल्या कामाचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण म्हणजे वरच्या फ्लॅटमधून खाली होणारी गळती. खालचे काका म्हणतात सोसायटीने बघावं, वरच्या मॅडम म्हणतात पाइप कॉमन आहे, आणि दोघंही मॅनेजरला फोन करतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याची वाटणी आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि ड्रेनेज लाइनची गळती संस्थेने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाने. म्हणजे गळती कुठून आहे हे कळलं की खर्च कोणाचा हे बऱ्याच अंशी कळतं. मॅनेजरचं काम उगम शोधून तो नोंदीत आणण्याचं आहे. दोन शेजाऱ्यांचा निवाडा करणं हे त्याचं काम नाही.

पद्धत अशी. पहिल्या दिवशी खालच्या छताचा फोटो घ्या आणि ओल्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा. ही रेघ फार उपयोगी पडते, कारण दोन दिवसांनी डाग वाढला की नाही यावर वाद होत नाही. मग वरच्या घरी विचारून बाथरूमची मोरी बंद करा, फरशीवर इंच-दीड इंच पाणी साठवा, त्यात खाण्याचा रंग टाका आणि चोवीस तास ठेवा. उंबरठ्यापेक्षा पातळी खाली आहे ना, हे आधी पाहा, नाहीतर पाणी खोलीत येईल. खाली रंग उतरला किंवा रेघेबाहेर ओल गेली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे, म्हणजे काम फ्लॅटच्या आतलं. काहीच झालं नाही तर पाणी सोडून द्या आणि डक्टमधल्या पाइपचे जोड बघा. पाणी सोडल्यावरच ओल वाढली तर संशय मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपवर किंवा ड्रेनेजच्या पाइपवर जातो. गळती फक्त पावसात होते का, हेही विचारा. तसं असेल तर बाहेरची भिंत आणि खिडकीचा छज्जा आधी.

शीटमध्ये या चाचणीची एकच ओळ लागते: तारीख, काय केलं, काय दिसलं, फोटोंची ड्राइव्ह लिंक. ‘कोणाकडे थांबलं’ मध्ये ‘कमिटीकडे’ किंवा ‘फ्लॅटधारकाकडे’. यापुढचं पत्र सचिवांच्या सहीने जातं.

तोंडी सांगितलेलं काम

लिफ्टच्या दारात भेटलेले कमिटी मेंबर ‘ते गार्डनचं बघून टाका जरा’ असं सांगून जातात. बघून टाका म्हणजे काय? माळी बदलायचा, कारंजं दुरुस्त करायचं, की गवत कापायचं? आणि खर्च कितीपर्यंत? हे तिथल्या तिथे विचारणं अवघड जातं. त्यावर उपाय म्हणजे पाच मिनिटांत सचिवांना, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनाही, असा मेसेज:

‘सर, आज देशमुख सरांनी गार्डनबद्दल सांगितलं. त्यावरून मी असं समजतो की कारंज्याची मोटर दुरुस्त करून घ्यायची आहे. अंदाजे खर्च साडेतीन हजार. आपला होकार आला की गुरुवारी मेकॅनिकला बोलावतो.’

यात चार गोष्टी आल्या: कोणी सांगितलं, मला काय समजलं, किती पैसे, आणि कशाची वाट पाहतोय. शेवटचं वाक्य नीट बघा. ‘हरकत नसेल तर सुरू करतो’ असं लिहू नका. खर्चाच्या कामात गप्प राहणं म्हणजे होकार नाही, आणि बिल आल्यावर ‘मला कोणी विचारलं?’ हा प्रश्न तुमच्यावरच येतो. बिनखर्चाच्या कामाला मात्र ‘हरकत नसेल तर’ पुरेसं आहे, नाहीतर सचिवांना दिवसाला वीस मेसेजना हो म्हणत बसावं लागेल.

हा मेसेज चॅटमध्ये राहिला तर महिनाभराने सापडत नाही. त्याचा मजकूर ‘काम’ टॅबमधल्या त्या ओळीत चिकटवा. ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज सुरू नाहीत ना, हेही एकदा तपासा. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मेसेज निघून जातात आणि मंजुरीचा पुरावाही जातो.

कॅलेंडर: न सांगता येणारी कामं

सर्वांत जास्त अंगाशी येतात ती कुणीच न सांगितलेली कामं. लिफ्टचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपलं, विमा संपला, टाकी धुवायची राहिली. ही कामं शीटमध्ये ठेवू नका, कारण शीट आपणहून हाक मारत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये ‘सोसायटी मुदती’ नावाचं वेगळं कॅलेंडर करा आणि सचिव, खजिनदार यांच्याशी शेअर करा.

त्यात आधी कायद्याच्या तारखा. टीडीएस कापला असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत. सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी लागते आणि त्यात नोटिशीचा दिवस व सभेचा दिवस धरत नाहीत. सभा २७ सप्टेंबरला असेल तर नोटीस १२ तारखेपर्यंत सगळ्यांच्या हातात हवी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, ३० वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा. यातली टीडीएसची तारीख तुमचा अकाउंटंट बघत असेल, तरी ‘चलन आलं का?’ एवढं विचारण्याची आठवण तुमच्याकडे हवी.

मग इमारतीच्या तारखा: टाक्यांची सफाई, जनरेटरचं सर्व्हिसिंग, अग्निशामक सिलिंडरवरची पुढची तारीख, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात गच्चीवरच्या पावसाळी पाइपच्या जाळ्या साफ करणं. हे शेवटचं काम जूनवर ढकललं की पहिल्याच जोराच्या सरीला गच्चीवर तळं होतं.

कॅलेंडरची एक मर्यादा लक्षात ठेवा. आठवण जास्तीत जास्त चार आठवडे आधीची लावता येते. लिफ्टच्या एएमसीसाठी तीन कोटेशन मागवायची, कमिटीत मांडायची, घासाघीस करायची, यात सहज दीड महिना जातो. म्हणून मुदतीच्या दिवशी एक नोंद आणि त्याच्या ४५ दिवस आधी ‘कोटेशन मागवा’ अशी वेगळी नोंद, अशा दोन करायच्या. नोंदीच्या वर्णनात कराराची ड्राइव्ह लिंक आणि माणसाचा फोन नंबर घालून ठेवा. आठवण आली की शोधाशोध नको.

महिन्याची बिलं हाही वेगळाच विषय आहे. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंग एजन्सीचं बिल आलं की त्याच्यासोबत पीएफ आणि ईएसआयसीची (कामगार विम्याची) चलनं व कामगारांची यादी मागायची. दोन्हींची भरणा-मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख असते. त्यामुळे १० तारखेला बिल पास करताना मागच्या महिन्याचं चलन मिळत नाही, त्याच्या आधीच्या महिन्याचं मिळतं. हे ठाऊक नसलं की दर महिन्याला एजन्सीशी उगाच वाद होतो.

टँकरची नोंद

उन्हाळ्यात मॅनेजरचा अर्धा दिवस टँकरमागे जातो आणि ‘किती आले, किती भरले’ यावर कमिटीत सर्वाधिक शंका असते. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण धरलं आणि घरटी चार माणसं, तर १२० घरांना रोज ६४,८०० लिटर लागतं. पालिकेचं पाणी मीटरवर मोजा, उरलेलं टँकरने. हा आकडा डोळ्यांसमोर असला तर सातवा टँकर खरंच लागला की कुठे गळती आहे, याचा अंदाज लगेच येतो.

टँकर पूर्ण आला का, हे टाकीतच मोजता येतं. जमिनीखालची टाकी आतून ६ मीटर बाय ४ मीटर असेल तर तिचं क्षेत्रफळ २४ चौरस मीटर. १० हजार लिटर म्हणजे १० घनमीटर. म्हणजे पातळी जवळजवळ ४२ सेंटिमीटर वाढायला हवी. भिंतीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून घ्या. वॉचमनने टँकर रिकामा होण्याआधी आणि नंतर खुणेचा फोटो काढून सोसायटीच्या नंबरवर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. आकडे शीटमध्ये तुम्ही भरा. तेवढा वेळ वर पाणी चढवणारी मोटर आणि पालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद हवेत, नाहीतर आकडा खोटा पडतो आणि टँकरवाल्याशी विनाकारण भांडण होतं. पातळी ३६ सेंटिमीटरच वाढली तर सुमारे ८,६०० लिटरच पडले. एकदा असं झालं तर नोंद करा, सलग तीनदा झालं तर बिल थांबवून सचिवांना तक्ता द्या.

शनिवारचा आढावा आणि मंजुरी

आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारी सकाळी, चाळीस मिनिटं दार लावून शीट वरपासून खालपर्यंत बघा. मग कमिटीच्या ग्रुपवर एकच मेसेज, दर आठवड्याला त्याच साच्यात: या आठवड्यात नवीन किती, झाली किती, कमिटीकडे थांबलेली कोणती, पुढच्या पंधरा दिवसांतल्या मुदती कोणत्या. ‘कमिटीकडे थांबलेली’ या ओळीत कोणाचंही नाव घालू नका, फक्त काम आणि तारीख. चार आठवडे हा मेसेज गेला की ‘महिनाभर केलं काय?’ हा प्रश्न विचारण्याची गरजच कमी होते.

तीस दिवसांचा तक्ता झाला की ‘ठरलेलं नाही’ असलेल्या ओळी वेगळ्या काढा. बहुतेक ठिकाणी त्या दहा-बारा विषयांत बसतात: भाडेकरूंची कागदपत्रं, घरातल्या कामांसाठी कारागीर बोलावणं, पार्किंगचे वाद, सण-समारंभाची व्यवस्था, रात्रीचे फोन. प्रत्येक विषयासमोर चार रकाने: काम, कोण करणार, कोणाला विचारून, किती वेळात. तुमचा प्रस्ताव तुम्हीच भरा, कोरा तक्ता नेऊ नका. कोऱ्या तक्त्यावर चर्चा भरकटते, भरलेल्या तक्त्यावर दुरुस्त्या येतात. सचिवांना सांगून विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या आणि मंजूर तक्ता इतिवृत्ताला जोडून घ्या. त्यातच न विचारता किती रुपयांपर्यंतचं तातडीचं काम करता येईल, तो आकडा लिहून घ्या. मोटर रात्री जळली तर त्या आकड्याची किंमत कळते.

सूचना कोणाकडून घ्यायच्या, हेही याच ठरावात यावं. कमिटीतले सगळे काम सुचवू शकतात, पण क्रम सचिव ठरवतील, असं एक वाक्य पुरेसं आहे. ते लिहिलेलं असलं की ‘सर, नोंद केली आहे, सचिवांनी क्रम दिला की घेतो’ हे उत्तर उद्धट वाटत नाही. तक्ता दर सहा महिन्यांनी पुन्हा बघायचा आणि त्याआधी पंधरा दिवस मिनिटांची नोंद पुन्हा ठेवायची. पावसाळ्यातलं काम आणि उन्हाळ्यातलं काम अगदी वेगळं असतं.

शेअरिंगमध्ये एक काळजी घ्या. शीटला ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असा प्रवेश देऊ नका. त्यात १२० घरांचे फोन नंबर आणि कोण कधी घरी असतं याची माहिती आहे. कमिटीला नावानिशी ‘व्ह्यूअर’ करा, संपादन तुम्ही आणि सचिवांनीच करायचं. रहिवाशांना दाखवायची असेल तर फक्त फ्लॅट, प्रकार आणि तारीख असलेली वेगळी फाइल करा. दुसरा टॅब करून पहिला लपवण्याने भागत नाही, कारण ज्याला फाइल दिसते तो तिची कॉपी करून लपलेला टॅब उघडू शकतो. मेंटेनन्स थकबाकीची यादी तर व्हॉट्सॲपवर कधीच टाकू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. ती खजिनदारांकडून संबंधित घरीच जाऊ द्या.

रजेवर जाताना नवीन काही तयार करावं लागू नये. ‘काम’ टॅबमध्ये तुमच्या रजेच्या दिवसांत ‘पुढची तारीख’ येणाऱ्या ओळींवर फिल्टर व्ह्यू लावा, त्याची लिंक सचिवांना द्या आणि सोसायटीचा फोन ऑफिसात ठेवून जा. सिम सोसायटीचं असल्यामुळे ते शक्य होतं.